नाव जरूर द्या, पत्ता मोडू नका

महामार्ग सोडून कोल्हापुरात शिरले की पहिला मोठा चौक लागतो तो घोड्यावर स्वार झालेल्या महाराणी ताराबाईंच्या पुतळ्याचा. कागदोपत्री तो ताराराणी चौक. वडापवाला म्हणजे जीपमधून प्रवासी नेणारा, रिक्षावाला, भाजीवाली आणि त्याच परिसरात दुकान असलेला माणूस मात्र त्याला कावळा नाकाच म्हणतो. ज्या राणीने करवीरची गादी उभी केली तिच्याविषयी कोल्हापूरकराच्या मनात तसूभरही अनादर नाही. तरीही जुने नाव तोंडातून जात नाही, कारण त्या नावावर लोकांचे जाणे-येणे, भेटणे आणि पत्ता सांगणे बेतलेले आहे. रस्त्याच्या नावाकडून आपण दोन कामांची अपेक्षा करतो. त्याने कुणाचा तरी सन्मान करावा आणि त्याने माणसाला घरापर्यंत पोहोचवावे. ही दोन कामे दर वेळी एकत्र नांदत नाहीत आणि भांडण झाले की दुसऱ्या कामाचा बळी जातो.

बिंदू चौकाचे उदाहरण याच्या उलट आहे. ९ डिसेंबर १९५० रोजी तिथे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने झालेले हे काम कोल्हापूरच्या सामाजिक इतिहासातले मोठे पान आहे. चौकाचे नाव मात्र कुणी बदलले नाही. दर १४ एप्रिलला लोटणारी गर्दी पाहिली, तर सन्मानात काही उणे राहिले असे कुणी म्हणणार नाही. दसरा चौकातही तेच. मधोमध राजर्षी शाहूंचा पुतळा, आणि चौक दसऱ्याच्या शाही सोहळ्याच्या नावाने ओळखला जाणारा. पुतळ्याने सन्मान सांभाळला, नावाने पत्ता सांभाळला.

आमचे म्हणणे एवढेच आहे की रूढ असलेले आणि कुणाचा अपमान न करणारे नाव बदलू नये. ज्यांचा गौरव करायचा त्यांच्यासाठी निनावी रस्ते, नवे पूल, नव्या वसाहती, उद्याने आणि सभागृहे आहेत. आणि जिथे नाव द्यायचे किंवा बदलायचे, तिथे त्याची कार्यपद्धती महापालिकेच्या इतर कोणत्याही कामाइतकी काटेकोर हवी.

कोल्हापूरच्या नावांत शहराचे सगळे थर दिसतात. गंगावेश, रंकाळा वेस, वरुणतीर्थ वेस ही नावे तटबंदीची आहेत. तट गेला, वेशी गेल्या, बस थांबे राहिले. कपिलतीर्थ मार्केट, वरुणतीर्थ, रावणेश्वर, पद्माळा ही नावे तळ्यांची आणि तीर्थांची. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान झाले आणि रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम. जोराच्या पावसात गांधी मैदानात पाणी का तुंबते, याचे अर्धे उत्तर शेजारच्या वेशीच्या नावातच लिहिलेले आहे. पाण्याला आपली जुनी जागा माहीत असते. उद्या कुणी वरुणतीर्थ वेशीला एखाद्या पुढाऱ्याचे नाव दिले, तर नव्याने आलेल्या अभियंत्याच्या आणि घर घेणाऱ्याच्या हातातली एक खूण पुसली जाईल. नगररचनाकाराने जुनी नावे नकाशासारखी वाचावीत, इतकी माहिती त्यांत साठलेली असते.

पुढचा थर व्यवसायांचा: गुजरी, चप्पल लाईन, कुंभार गल्ली. त्याच्या पुढचा संस्थानी नगररचनेचा: शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी. राजारामपुरीत गल्ल्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली असे करत चौदावीपर्यंत. नवख्या माणसाला सातव्या गल्लीत उभे करून अकरावी कुठे विचारले, तर तो चार गल्ल्या मोजून पोहोचतो. शहरात याहून चांगली पत्त्याची व्यवस्था नाही. तरीही एखाद्या गल्लीला व्यक्तीचे नाव द्यावे अशी मागणी अधूनमधून निघत असते. ती मान्य करणे म्हणजे मालिकेतला एक आकडा काढून घेणे, आणि एक आकडा गेला की उरलेल्या मालिकेचाही भरवसा जातो.

संस्थानी नावांतले एक नाव फार बोलके आहे. भवानी मंडपाकडून दसरा चौकाकडे येणारा भाऊसिंगजी रोड रोज हजारो लोक वापरतात. भाऊसिंगजी हे भावनगरचे महाराज. शाहू महाराजांबरोबर धारवाडला फ्रेजरसाहेबांच्या हाताखाली शिकलेले, आणि पुढे आयुष्यभराचे स्नेही. एका राजाने आपल्या मित्राचे नाव रस्त्याला दिले. त्यासाठी सभा झाली नाही, मतदान झाले नाही. ‘जुने नाव तरी कुठे लोकांनी ठरवले होते?’ हा आक्षेप इथे पूर्णपणे खरा आहे. तो मान्य करूनच पुढे जायला हवे. जुनी नावेही सत्तेनेच दिली. त्या नावांना आज जो अधिकार आहे तो देणाऱ्याचा नाही, शंभर वर्षे ते वापरणाऱ्यांचा आहे. भाऊसिंगजी कोण, हे न सांगता येणारा दुकानदारही आपले दुकान त्याच नावाने ओळखतो.

लोक स्वतः नाव देतात तेव्हा काय होते, याचा नमुना अर्ध्या शिवाजी पुतळ्यापाशी आहे. तिथे आधी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत कोल्हापूरच्या स्त्रियांनी तो विद्रूप केला आणि पुढे त्याच जागी शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा उभा राहिला. परिसराचे नाव त्या घटनेतून आपोआप जन्मले. कुणी ठराव करायची गरज पडली नाही, कारण जागेवर खरोखर काहीतरी बदलले होते. व्हीनस कॉर्नरचेही तसेच; व्हीनस टॉकीजचा पडदा कधीच उतरला, कॉर्नर तसाच राहिला.

आता कायदा पाहू. गावाचे किंवा शहराचे नाव बदलायचे तर राज्य आणि केंद्र असा लांबचा प्रवास असतो. केंद्रीय गृह मंत्रालयाने सप्टेंबर १९५३ मध्ये राज्यांना पाठवलेले मार्गदर्शन त्याला लागू होते. लोकांच्या अंगवळणी पडलेली नावे खास कारण नसताना बदलू नयेत, इतिहासाशी जोडलेली नावे शक्यतो राखावीत, केवळ राष्ट्रीय नेत्यांविषयीच्या आदरापोटी किंवा स्थानिक अभिमानापोटी बदल करू नये, असा त्याचा आशय आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव, शेजारच्या सांगली जिल्ह्यात इस्लामपूरचे ईश्वरपूर हे सगळे त्या वाटेने गेले. रस्त्यांसाठी ही वाट नाही. रस्ता महापालिकेचा, नावही महापालिकेचे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे महापालिकेकडे निहित असलेल्या, म्हणजे तिच्या ताब्यात आलेल्या, रस्त्याचे नाव किंवा क्रमांक ठरवायचा अधिकार आयुक्तांचा, पण सभागृहाच्या मंजुरीने. त्याच तरतुदीत रस्त्याच्या टोकांपाशी, कोपऱ्यावर किंवा प्रवेशापाशी ठळक जागी नावाची पाटी लावण्याचे आणि मिळकतींना क्रमांक देण्याचे काम येते. म्हणजे कायद्याच्या नजरेत नाव, पाटी आणि घर क्रमांक हा एकच विषय आहे. व्यवहारात आपण पहिल्याच गोष्टीवर थांबतो. नावासाठी मोर्चा निघतो. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पाटी नाही किंवा घरांना सलग क्रमांक नाहीत, यासाठी कुणी निवेदनसुद्धा देत नाही.

‘निहित’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. मंजूर लेआउटमधला रस्ता विकासकाने किंवा सोसायटीने महापालिकेकडे हस्तांतरित केल्याशिवाय तो निहित होत नाही. उपनगरांतल्या अनेक कॉलन्यांचे अंतर्गत रस्ते वर्षानुवर्षे याच अवस्थेत राहतात आणि म्हणून निनावी राहतात. तिथे पत्ता कसा सांगतात? ‘अमक्या नगरात, तमक्या मंदिराच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ.’ नाव द्यायला सर्वांत योग्य रस्ते हेच, आणि त्यांच्याकडेच कुणाचे लक्ष नाही. मध्यवर्ती चौकाचे नाव बदलल्याने बातमी होते, कॉलनीतल्या नऊ मीटरच्या रस्त्याला नाव दिल्याने होत नाही.

प्रस्तावाचा प्रवास साधारण असा असतो. नगरसेवक, तालीम, तरुण मंडळ किंवा एखादी संस्था पत्र देते. ते विभागीय कार्यालयाकडे जाते. कोल्हापुरात गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालये आहेत. कार्यालयाचा अभिप्राय लागतो, विषय सभेच्या पत्रिकेवर येतो, ठराव होतो, पाटी लागते. ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर राज्य शासन तो विखंडित म्हणजे रद्द करू शकते. कागदावर हे ठीक दिसते. बिघाड होतो तो अभिप्रायात. ‘हरकत नाही’ एवढ्या दोन शब्दांत तो संपतो. रस्ता निहित आहे का, कुठून कुठपर्यंत, त्याला आधी काही नाव होते का, त्या नावाचा जुना ठराव आहे का, शहरात हेच नाव आणखी कुठे आहे, या पाच प्रश्नांची उत्तरे टिपणीत असतील तर निम्मे वाद सभेपर्यंत पोहोचणारच नाहीत.

हद्द न लिहिण्याची चूक सर्वांत जास्त त्रास देते. ठरावात ‘अमुक परिसरातील मुख्य रस्त्यास’ एवढेच असते. मग एका सलग रस्त्याच्या पहिल्या तुकड्याला एक नाव, मधल्या चौकापुढे दुसरे आणि शेवटच्या वळणानंतर तिसरे अशी स्थिती होते, आणि कुठला तुकडा कुठे संपतो हे ठराव लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. कधी त्याच चौकाला काही वर्षांच्या अंतराने दोन वेगळे ठराव होतात, कारण पहिला कुणी शोधलेलाच नसतो. आणि कधी ठरावच नसतो: मंडळ रातोरात लोखंडी फलक उभारते, दुसरा गट हरकत घेतो, पोलीस बंदोबस्त लागतो. फलक काढला तर महापुरुषाचा अवमान केला असा आरोप, ठेवला तर बेकायदा कामाला मान्यता. अधिकारी तिथेच अडकतात आणि फलक राहतो. थोर माणसाचे नाव अशा वादात ओढले जाणे, हाच त्यांचा खरा अवमान आहे असे आम्हाला मनापासून वाटते.

सभागृह नसताना हा प्रश्न आणखी अवघड होतो. नोव्हेंबर २०२० मध्ये कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षे प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात प्रस्ताव मांडणारे आणि मंजूर करणारे कार्यालय एकच. रस्त्याच्या दुरुस्तीपुरते हे चालून जाते. नावाच्या बाबतीत मात्र कायद्याने सभागृहाची मंजुरी मागितली ती लोकप्रतिनिधींनी एकदा तरी उघड चर्चा करावी यासाठी. आणखी एक विसंगती: विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली सूचना प्रसिद्ध करून महिनाभर हरकती मागवाव्या लागतात. रस्त्याचे नाव बदलताना तिथे राहणाऱ्याला विचारण्याचे बंधन नाही. सहा मीटरच्या रस्त्याची रेषा हलवायला लोकांचे ऐकतात, त्यांचा पत्ता बदलायला ऐकत नाहीत.

नाव बदलले की सगळी कागदपत्रे रद्द होतात, अशी भीती विरोधक घालतात. ती अतिशयोक्ती आहे. मिळकतीची कायदेशीर ओळख सिटी सर्व्हे नंबर आणि वॉर्ड यांच्यावर ठरते. ‘ई वॉर्ड, सि. स. नं. अमुक’ हे मालमत्ता पत्रकावर असते आणि रस्त्याचे नाव काहीही झाले तरी खरेदीखत, वारसा नोंद, घरफाळा यांना धक्का लागत नाही. खरा त्रास रोजच्या व्यवहारात होतो आणि तो मुख्यतः छोट्या दुकानदाराला. जीएसटी नोंदणीतला पत्ता बदलला तर १५ दिवसांत दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो. दुकान नोंदणी, अन्न परवाना, बँकेतले केवायसी, वीजबिल, बिलबुके, पिशव्या, पाटी, मोबाईलवरच्या नकाशातली नोंद, हे सगळे एकेक करून बदलावे लागते. बँकेला दाखवायच्या दोन पुराव्यांवर दोन वेगळी नावे आली की कर्जाचा अर्ज अडून बसतो. मोठ्या कंपनीकडे यासाठी माणूस असतो. मिरजकर तिकटीजवळच्या पानपट्टीवाल्याने दुकान बंद ठेवून चकरा मारायच्या.

पण माणसाच्या जिवाशी गाठ असलेला मुद्दा वेगळाच आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन केला की तो पुण्यातल्या नियंत्रण कक्षात उचलला जातो. पोलिसांसह आपत्कालीन मदतीच्या ११२ चा फोन नवी मुंबई किंवा नागपूरला जातो. फोन घेणाऱ्याला कोल्हापूर माहीत नसते. त्याच्यासमोर पडदा असतो आणि कानावर पडलेले नाव असते. आता आपल्याकडे काय आहे ते पाहा. शिवाजी पेठ, शिवाजी चौक, शिवाजी पूल, शिवाजी मार्केट, शिवाजी पार्क, शिवाजी स्टेडियम, शिवाजी उद्यमनगर, शिवाजी विद्यापीठ. शाहूपुरी, शाहू मैदान, शाहू स्टेडियम, शाहू मार्केट यार्ड, शाहू टोल नाका, शाहू मिल, शाहू स्मारक भवन आणि रेल्वेचे छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. राजाराम नावाची तर आणखी गंमतशीर गुंतागुंत: राजाराम कॉलेजचे राजाराम म्हणजे १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारलेले तरुण महाराज, राजारामपुरीचे राजाराम म्हणजे शाहू महाराजांचे पुत्र, आणि ताराराणींचे पती राजाराम ते शिवछत्रपतींचे पुत्र. तीन वेगळी माणसे, तीन वेगळी शतके, आणि शहरात सगळ्यांचे एकच नाव. कोल्हापुरात संभाजीनगर नावाची वसाहत आणि एसटीचे स्थानकही आहे. मराठवाड्यातले शहर त्याच नावाचे झाल्यापासून ‘संभाजीनगरला जायचे’ या वाक्याला दोन अर्थ आले आहेत.

घाबरलेला माणूस फोनवर फक्त ‘शिवाजी चौकाजवळ’ म्हणतो तेव्हा रुग्णवाहिकेची पाच-दहा मिनिटे कुठे जातात, हे यावरून समजेल. महापुराच्या वेळीही हेच. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडते तेव्हा सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, बापट कॅम्प, रमणमळा इथे बोटी लागतात. २०१९ आणि २०२१ मध्ये बाहेरून आलेल्या पथकांनी या भागांत काम केले. बाहेरच्या पथकाला गल्ली सापडायची तर कागदावरचे, तोंडातले आणि पाटीवरचे नाव एकच हवे. शिवाजी महाराज आणि शाहू महाराज यांच्यावर कोल्हापूरकराचे जे प्रेम आहे ते अधिक पाट्यांनी वाढणार नाही. शहरात त्यांच्या नावाची नवी नोंद करू नये, हे म्हणायला धैर्य लागते; पण ते म्हणायला हवे.

लांबलचक नावांचे काय होते हेही आपण पाहिले आहे. मुंबईचे व्हीटी १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आले आणि बोलण्यात सीएसटीचे सीएसएमटी झाले. महाराजांचे नाव तोंडी येण्याऐवजी इंग्रजी अक्षरे आली. आपल्याकडे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय सीपीआर झाले. शाहू महाराजांच्या नावाची व्यवस्थापन संस्था सायबर झाली आणि तिच्यावरून शेजारचा चौक सायबर चौक. त्या नावाच्या इंग्रजी रूपात (CSIBER) पहिली दोन अक्षरे छत्रपती शाहूंची आहेत हे किती जणांना ठाऊक असेल? पुण्यात जंगली महाराज रस्ता जेएम रोड झाला. हा लोकांचा दोष नाही. जीभ दोन-तीन शब्दांच्या पुढे जात नाही, आणि बसच्या पाटीवर तेवढीच जागा असते.

शिवाजी विद्यापीठाच्या नामविस्ताराचा वाद याच कसोटीवर पाहावा. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला ‘छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ’ म्हणावे, अशी मागणी गेल्या काही वर्षांत जोरात पुढे आली आणि त्यासाठी मोर्चाही निघाला. मागणी करणाऱ्यांची भावना प्रामाणिक आहे. एकेरी नाव कानाला टोचते, असे त्यांचे म्हणणे. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की विस्तार झाला की आद्याक्षरे येतील आणि ‘शिवाजी’ हा शब्दच बोलण्यातून जाईल. आम्ही दुसऱ्या बाजूचे आहोत. सहा दशके लाखो विद्यार्थ्यांनी ‘मी शिवाजी विद्यापीठाचा’ असे पूर्ण शब्दांत म्हटले, यात जेवढा सन्मान आहे तेवढा आद्याक्षरांच्या संक्षेपात कधीच येणार नाही. तिथे कायद्यातही बदल करावा लागेल, कारण विद्यापीठांची नावे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये नमूद आहेत. म्हणजे निर्णय महापालिकेच्या किंवा विद्यापीठाच्या हातात नाही, विधिमंडळाच्या हातात आहे.

नामांतराला सरसकट विरोध करणाऱ्यांना मात्र एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला आणि नामविस्तार प्रत्यक्षात आला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत दलितांची घरे जळली, माणसे मेली. तो झगडा पत्त्याच्या सोयीचा नव्हता, माणूस म्हणून मान मिळण्याचा होता. जिथे नाव न देण्यामागे जातीचा तिरस्कार उभा असतो, तिथे सवयीचा आणि सोयीचा मुद्दा पुढे करणे अन्यायाच्या बाजूला उभे राहणे ठरते.

जातिवाचक वस्त्यांच्या नावांचेही तसेच. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा अशी नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच आहे. ज्या नावाने पत्ता सांगताना माणसाची जात उघडी पडते आणि भाड्याचे घर किंवा नोकरी हुकते, ते नाव कितीही जुने असले तरी जपण्याच्या लायकीचे नाही. अंमलबजावणीत एकच धोका आहे: पर्यायी नावांची यादी छोटी असल्याने प्रत्येक तालुक्यात दहा समतानगरे होतील. वस्तीतल्या लोकांकडूनच नाव मागितले तर तिथल्या एखाद्या शिक्षिकेचे, पैलवानाचे, शाहिराचे किंवा झाडा-विहिरीचे नाव पुढे येईल.

कुंभार गल्लीचा प्रश्न यात नाजूक आहे. नाव जातीचे की धंद्याचे? शाहूपुरीची किंवा गंगावेशीची कुंभार गल्ली म्हटले की जिल्ह्यातून आणि सीमाभागातून गणेशमूर्तीची मागणी घेऊन लोक येतात. ते नाव तिथल्या कारागिरांची बाजारातली पत आहे. बाहेरच्या कुणी ते जातिवाचक म्हणून काढून टाकले तर नुकसान त्यांचेच. म्हणून इथे निर्णय त्या गल्लीत राहणाऱ्यांचा असावा, शासनाच्या यादीचा नसावा. टोचते की नाही, हे ज्याच्या अंगावर ते नाव आहे त्यानेच सांगावे.

मग करायचे काय? महापालिकेने रस्ता-नाव नोंदवही करावी आणि ती संकेतस्थळावर उघडी ठेवावी. प्रत्येक रस्त्यासमोर वॉर्ड, सुरुवात, शेवट, लांबी, रुंदी, रूढ नाव, अधिकृत नाव, ठराव क्रमांक व तारीख आणि नावामागचे कारण चार ओळींत. ठराव नसलेली नावेही तिथे ‘रूढ’ म्हणून नोंदवावीत, म्हणजे कावळा नाकाही कागदावर येईल. नवीन प्रस्ताव आला की या वहीत त्याच उच्चाराचे नाव आधी आहे का ते पाहावे. असेल तर प्रस्ताव तिथेच परत. नाव तीन शब्दांपेक्षा मोठे नको. व्यक्तीचे नाव तिच्या निधनानंतर किमान दहा वर्षांनी, म्हणजे शोकाचा आणि निवडणुकीचा जोर ओसरल्यावर. विद्यमान किंवा माजी पदाधिकाऱ्याच्या नातेवाईकाचे नाव असेल तर ते नाते टिपणीत लिहिलेले असावे.

बदलाच्या प्रस्तावासाठी रस्त्याच्या दोन्ही टोकांना तीस दिवस सूचना लावावी आणि घरफाळा भरणाऱ्यांबरोबर भाडेकरूंनाही लेखी मत देता यावे. पुण्यात महापालिकेची नाव समिती आहे. कोल्हापुरातही अशी समिती असावी, पण तिच्यात नगरसेवकांबरोबर इतिहासाचा अभ्यासक, टपाल खात्याचा माणूस, केएमटी या शहर बससेवेचा वाहतूक अधिकारी आणि अग्निशमन दलाचा अधिकारी हवा. शेवटचे तिघे पत्ता शोधण्याचे काम रोज करतात. त्यांचे मत आजपर्यंत कुणी विचारलेले ऐकिवात नाही.

पाटीचेही ठरवून घ्यावे. ती रस्त्याच्या दोन्ही टोकांना आणि प्रत्येक मोठ्या फाट्यावर असावी, रात्री दिव्यात चमकणाऱ्या पत्र्यावर असावी आणि दुचाकीवरून जाताना वाचता येईल अशा अक्षरांत असावी. वर नाव, खाली लहान अक्षरांत पूर्वीचे नाव, वॉर्ड आणि पिनकोड. राजारामपुरीत ४१६००८, शिवाजी पेठेत ४१६०१२. पूर्वीचे नाव पाच वर्षांनी काढावे असे काही जण सुचवतात. ते कायमच ठेवावे. पाटीवर नगरसेवकाचे नाव, फोटो किंवा ‘यांच्या प्रयत्नातून’ असा मजकूर नसावा. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन हा दहा अक्षरांचा संकेत साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. घर क्रमांकाच्या पाटीवर तो छापला तर उपयोगच होईल. पण जखमी माणसाजवळ उभा असलेला वाटसरू दहा अक्षरे सांगत बसणार नाही, तो चौकाचे नाव सांगेल.

सभागृहाने पहिल्या टप्प्यात चार विभागीय कार्यालयांकडून निनावी रस्त्यांची आणि हस्तांतर रखडलेल्या लेआउटची यादी मागवावी. ती हातात आली की ज्या तालमी, मंडळे आणि संस्था मध्यवर्ती चौकांसाठी अर्ज घेऊन येतात, त्यांच्यासमोर ती ठेवावी. कोल्हापूरच्या स्त्री-शिक्षिका, सूतगिरणीतले कामगार पुढारी, चित्रपटसृष्टी उभी करणारे तंत्रज्ञ, लाल मातीतले मल्ल, पुरात बोट चालवून माणसे काढणारे नावाडी यांच्यासाठी त्या यादीत भरपूर रस्ते सापडतील, आणि तिथे कुणाचेही नाव पुसावे लागणार नाही.